एका मिनिटामागचा महिना

(भंडारा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना हातात ब्रश धरायला शिकवणाऱ्या एका चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. म्हणून चित्रकला आणि सिनेमा जिथे एकमेकांना भेटतात असा विषय मी निवडला आहे. ॲनिमेशनचे लघुपट कसे तयार होतात आणि त्यांच्या पडद्यामागे काय काय घडते, याविषयी आज बोलणार आहे.

या विषयावरचे किस्से रविवारच्या पुरवण्यांत अधूनमधून वाचायला मिळतात. अमुक लघुपटाला इतकी हजार चित्रे लागली, तमुक कलावंत त्यासाठी इतकी वर्षे घरात बसून होता. वाचताना मौज वाटते आणि पान उलटले की सगळे विसरून जाते. माझे म्हणणे असे आहे की हे किस्से म्हणजे या कलेची पाठ्यपुस्तके आहेत. आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या ॲनिमेशनपटांतले बहुतेक आज पाहायला मिळत नाहीत. फिल्म गेल्या, मागे राहिली ती त्या कशा केल्या याची वर्णने. पण या कलेचे एक वैशिष्ट्य आहे. करण्याची रीत नीट कळली, तर गेलेले काम पुन्हा उभे करता येते. म्हणून पडद्यामागची गोष्ट काळजीपूर्वक सांगायला हवी, हिशेब मांडून तपासायला हवी आणि त्या कामात ज्यांचे हात राबले त्यांची नावे तिच्यात टिकायला हवीत. आजच्या व्याख्यानात मला एवढेच सांगायचे आहे. बाकी सारी उदाहरणे आहेत.

वाटाण्याचा हिशेब

सुरुवात दादासाहेब फाळके यांच्यापासून करावी लागते, आणि तीही ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीपासून. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या या माणसाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. छायाचित्रण, शिळाछाप, ब्लॉक बनवणे हे सारे त्याच्या हाताखालून गेले होते. जादूचे प्रयोगही त्याने केले होते, तेही ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. चित्र, यंत्र आणि हातचलाखी या तिन्हींची अशी तयारी एकाच माणसाजवळ होती, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावे.

१९१२ च्या आरंभी फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. चित्रपट काढायचा तर भांडवल हवे, आणि भांडवल देणाऱ्याला याला हे जमते आहे अशी खात्री पटायला हवी. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोप वाढत असताना ते थोडे थोडे टिपत गेले. महिनाभराहून अधिक काळ हे चालले. त्यातून मिनिटभराची ‘अंकुराची वाढ’ तयार झाली. बी रुजते, अंकुर माती सारून वर येतो आणि बघता बघता वेल होतो. ही फिल्म पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. भारतीय चित्रपटाचा पाया एका वाटाण्याने घातला, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

हा किस्सा सहसा ‘रोज एक फ्रेम’ अशा शब्दांत सांगितला जातो. तो हिशेबाला लावून पाहू. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरत. म्हणजे एका मिनिटाला ९६० फ्रेम. रोज एकच फ्रेम घेतली, तर महिन्यात तीस फ्रेम होतील, आणि पडद्यावर त्या दोन सेकंदही टिकणार नाहीत. मिनिटभराची फिल्म हवी असेल, तर रोज एका फ्रेमने अडीच वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे एक तर ‘रोज एक फ्रेम’ खरे नाही, नाही तर ‘मिनिटभर’ खरे नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

आता महिना आणि मिनिट या दोन गोष्टी खऱ्या मानू. ९६० फ्रेम तीस दिवसांत वाटल्या, तर दिवसाला ३२ येतात. चोवीस तास काम चालू ठेवले, तर दर पाऊण तासाला एक फ्रेम. फक्त दिवसाच्या बारा तासांत काम केले, तर दर साडेबावीस मिनिटांनी एक. म्हणजे कोणीतरी महिनाभर घड्याळावर नजर ठेवून कॅमेऱ्यापाशी ये-जा करत होते. उन्हाचा कवडसा सरकला, ढग आला, खिडकी उघडी राहिली, तर पडद्यावर प्रकाश लुकलुकणार. कॅमेऱ्याला धक्का लागला, तर रोप जागच्या जागी उडी मारणार. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवायचे. बहुतेकांत हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे सरकत. तिथे एकच फ्रेम घ्यायची, तर हात किती मोजून चालवावा लागत असेल याची कल्पना करा.

‘रोज एक फ्रेम’ म्हटले की डोळ्यांसमोर एक निवांत ऋषी येतो. हिशेब केला की एक राबते घर दिसते. त्या घरात सरस्वतीबाई फाळके होत्या. तेव्हा कोरी फिल्म कडेची भोके न पाडता यायची. ती अंधारात, यंत्रावर, एकसारख्या अंतराने पाडावी लागत. सरस्वतीबाई हे काम शिकल्या. फिल्म धुण्याचे काम शिकल्या. चित्रीकरणात प्रकाश परतवण्यासाठी पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. दागिने गहाण ठेवायला दिले ते वेगळेच. भोके एका केसाने चुकली, तर पडद्यावरचे चित्र थरथरते. ॲनिमेशनमध्ये सगळ्यात आधी लागते ती चित्राची स्थिरता, आणि या देशात ती पहिल्यांदा सांभाळली एका गृहिणीच्या बोटांनी. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये या घराची धांदल आपण पाहिलीच असेल.

आगकाड्या

१९१५ मध्ये फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पट केला. पहिले महायुद्ध सुरू होते, कच्च्या फिल्मची टंचाई होती आणि पैशांची ओढाताण होती. मोठा चित्रपट जमत नसेल, तर लहान करू, पण हात थांबू द्यायचा नाही, असा तो काळ. युरोपात एमिल कोल याने १९०८ मध्ये ‘फँटास्मॅगोरी’ हा सुमारे सातशे चित्रांचा पट केला होता आणि काड्यांना चालते-बोलते करण्याचे खेळही केले होते. फाळक्यांनी हाच खेळ मराठी घरातल्या काडेपेटीवर केला.

‘आगकाड्यांची मौज’ आज आपल्याला पाहता येत नाही. पण ती कशी केली असेल, हे कोणीही टेबलावर करून पाहू शकतो. कॅमेरा वरून खाली तोंड करून बसवायचा. काड्या मांडायच्या. एक फ्रेम घ्यायची, काडी तसूभर सरकवायची, हात बाहेर काढायचा, पुन्हा एक फ्रेम. सेकंदाला १६ फ्रेम, म्हणजे प्रत्येक सेकंदासाठी सोळा वेळा हात आत आणि सोळा वेळा बाहेर. एकेका मांडणीच्या दोन-दोन फ्रेम घेतल्या, तर मेहनत निम्मी होते आणि डोळ्याला फारसा फरक कळत नाही. ही युक्ती आजही जगभर वापरतात. पंखा बंद ठेवावा लागतो, कारण काडी वाऱ्याने हलते. बाहीच्या टोकाने एक काडी ढकलली गेली आणि ती आधी नेमकी कुठे होती हे आठवत नसेल, तर तो तुकडा पहिल्यापासून करावा लागतो. कागदावरचे चित्र खोडून दुरुस्त करता येते. स्टॉप मोशनमध्ये, म्हणजे वस्तू अशी सरकवत एकेक फ्रेम टिपण्याच्या या पद्धतीत, खोडरबर नसतो.

याच फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास आणखी एक काम केले आणि आजच्या विषयासाठी ते मला सगळ्यात मोलाचे वाटते. चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणारा एक लघुपट त्यांनी स्वतः काढला. त्याचा काही भाग टिकून आहे आणि त्यात फाळके काम करताना दिसतात. चित्रपट म्हणजे जादू असे समजणाऱ्या प्रेक्षकासमोर, जादूचे प्रयोग केलेला हाच माणूस आपली सगळी रीत उघडी करून दाखवत होता. ज्याला ही कला आपल्या देशात रुजवायची होती, त्याला रीत लपवून चालणार नव्हते. पडद्यामागची गोष्ट सांगणे हा कलेच्या प्रसाराचाच भाग आहे, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

पुढे प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट काढला. कोल्हापूरहून पुण्याला येऊन प्रभातला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. कलकत्त्यात न्यू थिएटर्सचा ‘द पी ब्रदर्स’ही त्याच वर्षी आला. फाळक्यांचा वाटाणा, नंतर हे वाटाणे-बंधू आणि आपला जंबू काका हा कोल्हा, असे हे छोटे कुटुंब. या काळच्या फिल्म नायट्रेटच्या असत. नायट्रेट कुजते, त्याची भुकटी होते आणि ते सहज पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली, तेव्हा मोठा साठा जळून गेला. म्हणून पुन्हा सांगतो, फिल्म टिकेलच याचा भरवसा नसतो. रीत लिहून ठेवली, तर ती टिकते.

मुख्य चित्रपटाआधीची ती काही मिनिटे

आपल्यापैकी जे साठी ओलांडून पुढे गेले आहेत, त्यांनी ॲनिमेशन पहिल्यांदा बहुधा चित्रपटगृहात पाहिले असेल, तेही तिकीट दुसऱ्याच गोष्टीचे काढून. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट आणि माहितीपट दाखवणे ही चित्रपटगृहाच्या परवान्याची अट होती. त्यात मधूनच एखादा रेखाटलेला लघुपट यायचा. बचत करा, धान्य उंदरांपासून वाचवा, मुले मोजकी असू द्या. गावच्या मैदानावर तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजमधूनही हे लघुपट फिरले. महाराष्ट्राच्या खेड्यांत ॲनिमेशन पोहोचले ते याच वाटेने.

फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. मुंबईत तिचा व्यंगचित्रपट विभाग १९५६ मध्ये सुरू झाला. शिकवायला आले क्लेअर वीक्स. त्यांचा जन्म भारतातला, मिशनऱ्यांच्या घरातला. पुढे त्यांनी डिस्नेच्या स्टुडिओत ‘स्नो व्हाइट’ आणि ‘बॅम्बी’साठी काम केले होते. जी. के. गोखले, राम मोहन हे चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाले. राम मोहन तर रसायनशास्त्राचे पदवीधर. त्यांच्याच हातून पुढे भारतीय ॲनिमेटरांची एक पिढी घडली आणि २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली या विभागाने केलेला गाजलेला पट म्हणजे १९५७ चा ‘द बनियन डिअर’. गोष्ट जातकातली आहे. गाभण हरिणीसाठी स्वतःचा जीव द्यायला निघालेल्या मृगराजाची. ज्या जिल्ह्यात पवनी आहे, जिथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला, त्या भंडाऱ्याच्या श्रोत्यांना जातककथा परक्या नाहीत. दगडावर कोरून सांगण्याची ती परंपरा इथे पारदर्शक सेलवर रंगवून पुढे चालू झाली.

सेल म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगायला हवे. पारदर्शक ॲसिटेटचा कागदासारखा पत्रा. आधी पेन्सिलीने कागदावर चित्र काढायचे. कागद हलू नये म्हणून त्याला ठरावीक भोके असतात आणि ती पेग बारच्या खुंट्यांत बसतात. खालून उजेड देणाऱ्या काचेच्या टेबलावर, म्हणजे लाइट बॉक्सवर, आधीचे चित्र खाली दिसत असताना पुढचे काढायचे. मुख्य चित्रकार हालचालीचे पहिले आणि शेवटचे टोक काढतो, मधली चित्रे मदतनीस भरतात. मग रेषा सेलवर उतरवायची आणि रंग मागच्या बाजूने भरायचा, म्हणजे समोरून रेषा स्वच्छ राहते. हातात सुती मोजे, कारण बोटाचा ठसा पडद्यावर डोंगराएवढा दिसतो. शेवटी रोस्ट्रम कॅमेऱ्याखाली पार्श्वभूमीवर एकेक सेल ठेवायचा, काच दाबायची, फ्रेम घ्यायची, काच उचलायची.

यातली एक बारकी गोष्ट मला फार आवडते. सेल पारदर्शक असला, तरी तो पूर्ण पारदर्शक नसतो. एकावर एक चार-पाच सेल ठेवले की सगळ्यात खालचा रंग मळकट दिसतो. हरणाचे शरीर खालच्या थरावर आणि हलणारे डोके वरच्या थरावर असेल, तर एकच तपकिरी रंग दोन ठिकाणी वेगळा दिसणार. म्हणून रंगारी एकाच रंगाच्या, थरागणिक किंचित बदललेल्या छटा तयार करत. खालच्या थरासाठी उजळ, वरच्यासाठी थोडी दबलेली. पडद्यावर हरीण एकाच रंगाचे दिसते, म्हणजे रंगाऱ्याचे काम साधले. त्याचे कौशल्य दिसता कामा नये, हीच त्याची कसोटी. डिस्नेच्या स्टुडिओत सेलवर रेषा उतरवण्याचे आणि रंगवण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करत. त्यांतल्या बहुतेकींची नावे त्या काळच्या श्रेयनामावलीत आली नाहीत.

सात मिनिटे आणि दहा हजार फ्रेम

१९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जाळ्यात अडकलेले पक्षी जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते कुरतडतात, ही जुनी गोष्ट. ती हिंदीत आहे, पण तिच्यामागे मराठी माणसे किती आहेत पाहा. कल्पना आणि दिग्दर्शन विजया मुळे यांचे. संगीत वसंत देसाई यांचे, म्हणजे ज्यांची कारकीर्द प्रभातमध्ये सुरू झाली त्यांचे. लहान मुलीचा आवाज साधना सरगम यांचा. त्यांचा जन्म दाभोळचा आणि तेव्हा त्या अगदी लहान होत्या. चित्रे हलती केली भीमसेन यांनी. तेही फिल्म्स डिव्हिजनच्या मुशीतून आलेले. त्यांच्या ‘द क्लाइंब’ला शिकागोच्या महोत्सवात सिल्व्हर ह्यूगो मिळाला होता. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘एक अनेक’ला मिळाला.

लघुपट सुमारे सात मिनिटांचा आहे. सात मिनिटे म्हणजे ४२० सेकंद आणि सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर १०,०८० फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवले, तरी पाच हजार मांडण्या होतात. हे मोठे ओझे हलके करण्याची रीतही याच कलेत आहे. पंखांची एक उघडझाप थोड्या चित्रांत काढायची आणि तीच पुन्हा पुन्हा वापरायची. थवा करायचा, तर तेच पक्षी पुढे-मागे करून मांडायचे. बोलताना सगळे शरीर स्थिर ठेवून फक्त चोच हलवायची. आकार साधे आणि रंग सपाट ठेवायचे. ‘एक अनेक’मधला साधेपणा मुलांना आवडला आणि हाताने काम करणाऱ्यांनाही त्याने तारले. कमी साधनांत काम करण्याची गरज आणि मुलाला सहज कळेल अशी रेषा, या दोन गोष्टी तिथे एकमेकींना मदत करतात.

गाण्यावर चालणाऱ्या लघुपटात गाणे आधी ध्वनिमुद्रित करतात. मग ते ऐकून, कोणता शब्द कोणत्या फ्रेमवर पडतो, हे एक्स्पोजर शीट नावाच्या उभ्या तक्त्यात लिहितात. लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल, तर प्रत्येक ठोका बरोबर बाराव्या फ्रेमवर येतो. पंख वर, पंख खाली, बारा फ्रेम. पक्षी तालात उडतात असे आपल्याला वाटते, कारण कोणीतरी ताल मोजून कागदावर उतरवलेला असतो. नुसते एक्स्पोजर शीट पाहून अनुभवी माणसाला चित्रपटाची चाल सांगता येते. असे तक्ते काम संपले की बहुतेकदा रद्दीत जातात. ते जपायला हवेत, कारण चित्रे नष्ट झाली, तरी त्या तक्त्यावरून हालचाल पुन्हा बांधता येते.

एकटीचे काम

गीतांजली राव या मुंबईच्या. शिक्षण जे. जे. मधले, उपयोजित कलेचे. ॲनिमेशन त्या राम मोहन यांच्या स्टुडिओत काम करता करता शिकल्या. त्यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा पंधरा मिनिटांचा लघुपट २००६ मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक विभागात दाखवला गेला आणि तिथे त्याला तीन पुरस्कार मिळाले. एक एकटी म्हातारी, तिची मांजर आणि तिने जमवलेल्या काडेपेट्यांची चित्रे. त्या चित्रांतून ती आपल्या रंगीत जगात शिरते. हा लघुपट त्यांनी सुमारे तीन वर्षे खपून, जवळजवळ एकटीने, हाताने रंगवून केला. फाळक्यांच्या काड्यांनंतर नव्वद वर्षांनी मराठी मुलखातल्या एका चित्रकर्तीने काडेपेटीचे झाकण उचलले.

इथेही ‘एकटीने केला’ यावर थांबू नये. पंधरा मिनिटे म्हणजे २१,६०० फ्रेम. तीन वर्षांत त्या वाटल्या, तर दिवसाला सरासरी वीस फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एक सेकंदही नाही. दिवसभर राबून संध्याकाळी हाती एक सेकंदही नसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे असते. यासाठी लागणारी चिकाटी अंगभूत नसते. ती रोजचे काम ठरवून घेतल्यानेच येते. आज किती चित्रे, उद्या किती, कुठे धरून ठेवायचे, कुठे वेग वाढवायचा. दीर्घ काळ एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येक ॲनिमेटरकडे असा हिशेब असतो, मग तो वहीत असो की भिंतीवर.

मुंबईतच सुरेश एरियाट यांच्या स्टुडिओने ‘टोकरी’ हा स्टॉप मोशन लघुपट केला. तो २०१७ मध्ये आला आणि त्याला आठ वर्षे लागली. वडिलांचे घड्याळ हातून मोडते, म्हणून ते दुरुस्त करून आणण्यासाठी मुलगी रस्त्यावर टोपल्या विकायला बसते. बांबूच्या टोपल्या विणणारे हात आपल्या जिल्ह्यात घरोघर ओळखीचे आहेत. बाहुल्यांना ते काम करायला लावायचे, तर टोपलीच्या विणीपासून मुलीच्या कपाळावरच्या आठीपर्यंत सगळे हाताने घडवावे लागते. एक बाहुली कलंडली, तर तो तुकडा नव्याने. आठ वर्षे कशात गेली, याचे उत्तर यात आहे.

भंडाऱ्यात काय करता येईल

मुंबई-पुण्याच्या गोष्टी भंडाऱ्यात कशासाठी सांगायच्या, असा प्रश्न मनात येईल. त्याचे उत्तर हिशेबातच आहे. आता आपण सेकंदाला २४ फ्रेम घेतो. मिनिटाच्या फिल्मला २४ गुणिले ६०, म्हणजे १,४४० फ्रेम लागतात. आणि दिवसात मिनिटे किती? २४ तास गुणिले ६०, म्हणजे १,४४०. दोन्ही आकडे एकच. म्हणून नियम अगदी सोपा होतो. एका मिनिटाची फिल्म जितक्या दिवसांत करायची, तितक्या मिनिटांनी एक फ्रेम घ्यायची. तीस दिवस असतील, तर दर तीस मिनिटांनी. दहा दिवस असतील, तर दर दहा मिनिटांनी.

आपला जिल्हा धानाचा. पऱ्हे साधारण तीन आठवड्यांत रोवणीला येतात. एकवीस दिवस, म्हणून दर एकवीस मिनिटांनी एक फ्रेम. एका कुंडीत माती, थोडे धान, समोर स्टँडवर घट्ट बांधलेला मोबाइल आणि कायम एकसारखा उजेड देणारा एक दिवा. मोबाइलचा प्रकाश आणि फोकस एकदा ठरवून कुलूपबंद करायचा, नाही तर चित्र लुकलुकेल. वीज गेली तर काय करायचे, याची सोय आधी करून ठेवायची. बी रुजण्यापासून पऱ्हे उपटायला येईपर्यंतचा सगळा प्रवास एका मिनिटात. फाळक्यांनी वाटाण्याचे केले, भंडाऱ्याच्या मुलांनी धानाचे करावे. ते अजून कोणी केले नसेल असे मी म्हणत नाही. इथल्या मुलांनी ते स्वतःच्या हातांनी करावे, एवढेच माझे म्हणणे.

दुसरे उदाहरण तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचे. चारही पाय चाकांवर असलेला तो बैल म्हणजे स्टॉप मोशन शिकायला सगळ्यात उत्तम पात्र. चालणारे पाय काढणे ही या कलेतली सर्वांत अवघड गोष्ट आणि चाकांमुळे तीच टळते. बैल बोटभर सरकवा, फ्रेम घ्या. मान थोडी हलवता येत असेल, तर तो बघतोय असे वाटू लागते. आवाज हवा असेल, तर दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार आहे, खडी गंमत आहे, झाडीपट्टीच्या नाटकांचे गाणे-बजावणे आहे. कलाकारांना विचारून, त्यांचे नाव लिहून, तो आवाज घ्या. संवाद झाडीबोलीत असू द्या. ज्या बोलीत मुले घरात हसतात, त्याच बोलीत त्यांचा बैल बोलला पाहिजे.

आणि प्रत्येक लघुपटाबरोबर एक वही असावी. एवढे एक काम शाळांनी, ग्रंथालयांनी आणि या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मनावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वहीत लिहायचे ते असे. विषय कोणी सुचवला, बैल कोणाच्या घरचा, दिवा कोणी धरला, किती फ्रेम झाल्या, कुठला तुकडा फसला आणि का, गाणे कोणी म्हटले, ढोलकी कोणी वाजवली. नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार आपल्या भागात आहेत. त्यांनी रंग कसे कालवले, कापडाला आधी काय लावले, हेही त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यावे. मोबाइल बदलतो, फाइल उघडत नाही, कार्ड हरवते. नायट्रेट जळाले, तसे हेही जाईल. वहीतली रीत आणि नावे मात्र पुढच्या मुलांच्या हाती राहतील आणि त्या वहीवरून ती तोच लघुपट नव्याने, बहुधा आपल्यापेक्षा चांगला, करू शकतील.

सरस्वतीबाईंनी पाडलेल्या भोकांचा उल्लेख कोणीतरी लिहून ठेवला, म्हणून आज आपण त्यांना त्या कामासाठी ओळखतो. ज्या रंगाऱ्यांनी मृगराजाच्या अंगाच्या छटा थरागणिक जुळवल्या, त्यांची नावे आपल्याला सांगता येत नाहीत. आपल्या जिल्ह्यात जे लघुपट तयार होतील, त्यांच्या बाबतीत हे व्हायला नको. पुढच्या वर्षी हे व्याख्यान सुरू होण्याआधी इथल्या मुलांचे मिनिटामिनिटाचे लघुपट दाखवावेत आणि त्यांच्या वह्या दाराशी टेबलावर मांडाव्यात. प्रेक्षकांनी आधी वही चाळावी, मग लघुपट पाहावा. चित्रकलेच्या शिक्षकांचे स्मरण करण्याची यापेक्षा चांगली रीत मला तरी सुचत नाही.